भातकापणीनंतरची परसबाग आणि लहान घूस : अलिबाग तालुक्यातील एक प्रकरण

रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात, भातखाचरांना लागून असलेल्या एका घरामागील चारेक गुंठ्यांच्या परसबागेत भातकापणीनंतर जे नुकसान सुरू झाले आणि ते ज्या क्रमाने आटोक्यात आले, त्याची ही नोंद आहे. घर एका निवृत्त शिक्षक दांपत्याचे आहे. बागेच्या पूर्वेला शेजाऱ्यांची भातखाचरे, दक्षिणेला जुना दगडी गडगा (नुसते दगड रचून केलेली कुंपणभिंत), उत्तरेला कोंबड्यांचा खुराडा व जळाऊ लाकडांची रास आणि पश्चिमेला घराचे मागील दार अशी रचना आहे. बागेत रताळी, भुईमुगाचे दोन वाफे, टोमॅटो, वांगी, मुळा, काकडी व दुधीचा मांडव आणि कडेने पाच नारळ होते. परिसरातील परसबागा पाहून सल्ला देण्याचे काम मी करतो, त्या निमित्ताने या कुटुंबाने मला बोलावले.

पहिली तक्रार रताळ्यांची होती. वेल वरून हिरवेगार दिसत होते, पण काकूंनी माझ्यासमोर एक वरंबा उकरला तेव्हा मुठीएवढ्या रताळ्याची केवळ साल शाबूत निघाली. आतला गर पोखरून काढलेला होता आणि त्या पोकळीत भुसभुशीत ओली माती भरलेली होती. सालीच्या कडेवर दोन-दोन समांतर चरे स्पष्ट दिसत होते, ते पुढच्या पटाशीच्या दातांचे. भुईमुगाची काही रोपे मुळांकडून सैल होऊन कलली होती आणि त्यांच्याखाली एकही भरलेली शेंग नव्हती. काकडीचे बी आळ्यात टोकल्याच्या दुसऱ्या सकाळी नाहीसे होई आणि आळ्याच्या कडेला फोडलेली टरफले पडलेली असत. याखेरीज रंग धरू लागलेले टोमॅटो वेलीवरच अर्धवट खाल्लेले दिसत, ठिबकच्या नळ्या दोन-तीन ठिकाणी कुरतडलेल्या होत्या आणि नारळांखाली देठाजवळ गोल भोक पडलेली शहाळी सापडत होती.

घरच्यांच्या बोलण्यात हे सगळे ‘उंदरांचे’ होते. प्रत्यक्षात ते एका जातीचे काम नव्हते, आणि ज्या उपायाने एक जात आटोक्यात येते तो दुसऱ्या जातीला लागू पडतोच असे नाही. रताळी आणि भुईमूग जमिनीखालून खाणारी होती ती लहान घूस, म्हणजे भातशेतीत सर्वत्र आढळणारा, राठ गडद केसांचा, आखूड तोंडाचा आणि शरीराहून आखूड शेपटीचा प्राणी. तिच्या बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग असतो आणि आत असताना ती तोंड बहुधा सैल मातीने बंद करून घेते. शहाळी पोखरणारा आणि मांडवावर चढून टोमॅटो-काकडीला तोंड लावणारा होता तो घरातला काळा उंदीर. त्याचे कान मोठे व पातळ, शेपटी धड आणि डोके यांच्या एकत्र लांबीहून मोठी, आणि चढण्यात तो अत्यंत तरबेज. त्याचा मुक्काम नारळाच्या शेंड्यात, लाकडांच्या राशीत आणि घराच्या माळ्यावर होता. तिसरा प्राणी घरच्यांनी काठीने मारून मला दाखवला, ती चिचुंद्री होती. लांब टोकदार तोंड आणि उग्र वास यांवरून ती सहज ओळखता येते. ती किडे, झुरळे, गांडुळे खाते आणि कंदमुळांच्या वाट्याला जात नाही. तिला मारू नये, हे त्या घरात मला आग्रहाने सांगावे लागले.

काकांचा प्रश्न रास्त होता : पावसाळाभर बाग सुरक्षित असताना दिवाळीच्या सुमारासच हा उपद्रव का व्हावा? याचे उत्तर बागेच्या पूर्वेकडील खाचरांत होते. भात पोसण्याच्या काळात लहान घुशीची वीण जोरात असते. गर्भकाळ साधारण तीन आठवड्यांचा, एका वेताला सहा-आठ पिल्ले, आणि ती पिल्लेही दोन-तीन महिन्यांत विणीला येतात. लोंब्या पक्व होईपर्यंत या सर्वांना खाचरातच भरपूर अन्न आणि दाट आडोसा मिळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी झाली की काही दिवसांतच आडोसा आणि अन्न दोन्ही संपते, तर संख्या मात्र वर्षातील सर्वाधिक असते. त्या वेळी आसपास ओलीत असलेला, सावलीचा, कंद आणि शेंगा असलेला एकमेव तुकडा म्हणजे ही बाग होती. मुक्काम बांधात आणि जेवण बागेत, अशी ही विभागणी झाल्यामुळे केवळ बागेच्या हद्दीत केलेला कोणताही उपाय अपुरा पडणार होता.

मी पोहोचण्याआधी एक उपाय होऊन गेला होता. बाजारातून झिंक फॉस्फाईडची काळपट पूड आणून ती कणकेत अंदाजाने मिसळून गोळ्या वाफ्यांत ठेवल्या गेल्या. पहिल्या सकाळी काही उंदीर मेलेले सापडले, त्यानंतर मात्र गोळ्यांना कोणी शिवेना आणि रताळ्यांचे नुकसान पूर्ववत सुरू झाले. त्यातच खुराड्यातून सुटलेल्या दोन कोंबड्या मेल्या. उंदीर आता ‘हुशार’ झाले आहेत असा घरच्यांचा निष्कर्ष होता, आणि त्यामागे खरोखर एक निश्चित कारण आहे. हे विष पोटातील आम्लाशी संयोग पावून फॉस्फीन वायू तयार करते आणि त्याचा परिणाम काही तासांतच जाणवतो. उंदराला ओकारी करता येत नाही, त्यामुळे पुरेशी मात्रा पोटात गेलेला मरतो. अपुरी मात्रा गेलेला मात्र आजारी पडून वाचतो, आपल्या त्रासाचा संबंध त्या खाण्याशी जोडतो आणि पुढे कित्येक आठवडे तसे आमिष टाळतो. म्हणूनच हे विष वापरायचेच झाले, तर आधी दोन-तीन दिवस बिनविषारी, तेल लावलेले भरडधान्य खायला घालून त्याची सवय लावायची आणि मगच 96 भाग भरड, 2 भाग तेल व 2 भाग विष असे मोजून केलेले आमिष एकदाच, बिळाच्या आत ठेवायचे, अशी शिफारस असते. उघड्या वाफ्यात गोळ्या टाकणे हे उंदरांसाठी निष्फळ आणि कोंबड्या, कुत्री, लहान मुले यांच्यासाठी प्राणघातक आहे. या विषावर उतारा नाही.

याच सुमारास शेजाऱ्यांनी बिळांत ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या सोडण्याचे सुचवले. त्या सूचनेला मी तेथल्या तेथे स्पष्ट नकार दिला. या गोळ्यांची विक्री व वापर कायद्याने निर्बंधित आहे आणि त्या सर्वसामान्य माणसाने हाताळण्याच्या नाहीत. येथे तर गडग्यातील पोकळ्या घराच्या जोत्यापर्यंत पोहोचत होत्या. जमिनीखालून वायू कोठून कोठे निघेल याचा भरवसा नसताना माणसे झोपतात त्या खोलीपासून चार पावलांवर असे विष सोडणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नव्हते.

प्रत्यक्ष कामाला सुरुवात झाली ती बिळे मोजण्यापासून. संध्याकाळी बाग, बांध आणि गडगा असे तिन्ही भाग फिरून दिसेल ते प्रत्येक भोक ओल्या मातीने लिंपून बंद केले आणि दुसऱ्या सकाळी त्यांपैकी कोणती उघडली गेली ते पाहिले. या साध्या पद्धतीने राहते बीळ आणि सोडलेले बीळ वेगळे होते, शिवाय पुढे केलेल्या उपायाचा परिणाम झाला की नाही हे अंदाजाने न ठरवता दाखवता येते. बागेतील वाफ्यांमधली भोके बहुतांशी बंदच राहिली, म्हणजे ती केवळ खाण्यासाठी उकरलेली होती. बांधावरची निम्म्याहून अधिक भोके मात्र रात्रीत पुन्हा उघडली आणि तोंडाशी ताजी, ओली माती आली. गडग्यातील पोकळ्या लिंपण्याजोग्या नव्हत्या. तेथे दगडांमधून बारीक चाळलेली राख पसरली, तेव्हा राखेवर पावले आणि शेपटीचे ओरखडे उमटले.

बांध खणण्यासाठी जवळच्या कातकरी वाडीतील एका जाणत्या दादांना आणि त्यांच्या दोन मुलांना बोलावण्यात आले. बांध शेजाऱ्यांचा असल्याने त्यांची संमती आवश्यक होती. ती सहज मिळाली, कारण त्यांनी भातानंतरच्या ओलीवर वाल टोकला होता आणि त्याचेही बी रात्रीतून उकरले जात होते. दादा बांधावरून चालत जाताना बिळाच्या तोंडाची माती दोन बोटांत चुरडून पाहत. “याच्यात कोणी नाय, माती सुकली,” असे म्हणून ते पुढे सरकत, आणि जेथे थांबत तेथे खणल्यावर घूस निघतच असे. त्यांनी आधी बिळाच्या सर्व वाटा शोधल्या, त्यात वरून पातळ मातीने झाकलेली पळवाटही आली, जी माझ्या नजरेतून पूर्णपणे निसटली होती. बाकीच्या तोंडांवर दगड ठेवून त्यांनी एका तोंडातून पेंढ्याचा धूर फुंकला आणि मोकळ्या ठेवलेल्या वाटेवर मुलगा जाळे धरून बसला. एका बिळात हातभर खोलीवर भाताच्या लोंब्या देठाकडून सारख्या कापून, एकावर एक नीट रचून ठेवलेल्या कोठीत सापडल्या. त्याच बिळाच्या दुसऱ्या फाट्यात आमच्या बागेतील रताळ्यांचे तुकडे होते, त्यामुळे वाटेबद्दल उरलासुरला संशयही फिटला.

कातकरी कुटुंबे शेतातील उंदीर पिढ्यान्‌पिढ्या खातात आणि बिळातले भातही काढून घेतात, हे या भागात सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच त्यांना बोलावण्याआधी बागेत टाकलेल्या विषाची माहिती मी त्यांना स्वतः सांगितली, टाकलेल्या सर्व गोळ्या वेचून खोल पुरल्या असल्या तरीही बागेच्या कडेचे प्राणी खाण्यासाठी न घेण्याची विनंती केली आणि दूरच्या बांधापासून काम सुरू केले. विष टाकणाऱ्या प्रत्येकाने हा विचार करायला हवा, कारण विष खाल्लेला उंदीर कोणाच्या ताटात जाईल हे टाकणाऱ्याला दिसत नाही. या कामाची पूर्ण दिवसाची मजुरी काकांनी दिली. ‘उंदीर मिळाले, तेच त्यांचे’ अशी जी प्रथा काही ठिकाणी आहे ती मला अन्याय्य वाटते, कारण कोणत्याही औषधाला न साधलेले काम या माणसांच्या कौशल्याने साधते. खणलेला बांध त्याच दिवशी चोपून, पूर्वीपेक्षा अरुंद आणि गवत काढून पुन्हा घातला गेला. रुंद, गवताळ बांध ही घुशीची सर्वांत आवडती जागा असते.

यानंतरचे काम घराच्या अंगणातले होते आणि ते कंटाळवाणे असल्यामुळेच बहुधा टाळले जाते. कोंबड्यांसाठी टाकलेली कणी रात्रभर खुराड्यात पडून राहत असे. आता संध्याकाळी उरलेली कणी उचलून झाकणाच्या डब्यात जाऊ लागली. खतखड्ड्यात शिळा भात आणि माशांचे काटे पडत, ते बंद करून तेथे केवळ भाजीचे देठ व पाला टाकण्याचे ठरले आणि खड्ड्याच्या तळाशी जाळी घातली गेली. लाकडांची रास जमिनीपासून दीड फूट उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर हलवली. वाफ्यांवर सुक्या पानांचे वीतभर जाड आच्छादन होते. ओल टिकवण्यासाठी ते उत्तम असले तरी त्याच्याखालून घुशीने दिवसाढवळ्या वाटा केल्या होत्या, म्हणून या हंगामापुरते ते पातळ करण्याचा सल्ला मी दिला आणि काकूंना तो मनापासून पटला नाही. आच्छादनाचे फायदे मलाही मान्य आहेत. परंतु कंद पोसत असताना, आणि शेजारी नुकतीच कापणी झालेली असताना, आडोसा देणारी प्रत्येक गोष्ट काही आठवडे दूर ठेवणे इष्ट असते. बागेच्या पूर्व कडेने चार-पाच फुटांची पट्टी गवत काढून मोकळी ठेवली, कारण उघड्यावरून जाणे या प्राण्यांना धोक्याचे वाटते.

पूर्ण बागेला जाळी घालणे खर्चाचे होते, म्हणून ती रताळी आणि भुईमुगाच्या वाफ्यांपुरतीच घातली. कोंबड्यांसाठी वापरतात ती पातळ षटकोनी जाळी येथे उपयोगी नाही. तिच्या भोकांतून पिल्ले शिरतात आणि तिची तार मोठा प्राणी वाकवतो. अर्धा इंची चौकोनी भोकांची जाड वेल्डमेश जाळी आणून ती दीड फूट जमिनीत पुरली आणि तिचा तळ बाहेरच्या बाजूला वीतभर दुमडला, म्हणजे कडेने खाली उकरत येणारी घूस त्या दुमडीवर अडते. काकडी-दुधीचे बी थेट आळ्यात न टोकता जाळीच्या पेटीत, कागदी पेल्यांत रुजवून रोपे दोन खऱ्या पानांची झाल्यावर लावली. बियाण्याचे नुकसान याच एका बदलाने संपले.

काळ्या उंदरासाठी पिंजरे लावले. हा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, त्यामुळे पहिल्या काही रात्री पिंजऱ्याचे दार बांधून उघडेच ठेवले आणि आत भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा किंवा सुके बोंबील ठेवून त्याला निर्धास्त खाऊ दिले. मग एका रात्री सर्व पिंजरे एकदम चालू केले. पिंजरा भिंतीच्या कडेने, त्याच्या नेहमीच्या वाटेवर हवा. मोकळ्या मध्यभागी ठेवलेला बहुधा रिकामाच राहतो. सापडलेले उंदीर दूर नेऊन सोडण्याचा विचार काकूंच्या मनात होता, पण त्याने दुसऱ्या कोणाच्या तरी दारात तोच त्रास जातो. ते हातमोजे घालून, झटपट मारून खोल पुरण्यात आले. चिकट पुठ्ठे मी वापरू दिले नाहीत. त्यांवर पाली, चिमण्या, बेडूकही अडकतात आणि अडकलेला जीव तासन्‌तास तडफडतो.

गोठ्याच्या जुन्या, वापरात नसलेल्या भिंतीच्या कोनाड्यात एक गव्हाणी घुबड राहत असल्याचे या दरम्यान लक्षात आले. कोनाड्याखाली त्याने टाकलेल्या करड्या, अंगठ्याएवढ्या ओकाऱ्या, म्हणजे न पचलेल्या केसांचे व हाडांचे गोळे, पडल्या होत्या. त्यांतील एक मी पाण्यात भिजवून सोडवली, तेव्हा केसांच्या गुंत्यातून तीन छोट्या कवट्या निघाल्या. दोन कवट्यांना उंदराचे नारिंगी, वाकडे दात होते आणि तिसरी निमुळती कवटी चिचुंद्रीची होती. घरातील आजींना हे घुबड अशुभ वाटत होते आणि त्याला हुसकावण्याची तयारी होती. त्या कवट्या हातावर घेऊन पाहिल्यावर त्यांनीच तो विषय थांबवला. ब्रोमॅडिओलोनच्या तयार वड्यांबद्दल माझा निर्णयही या घुबडामुळेच ठरला. 0.005 टक्के तीव्रतेच्या या आमिषाने उंदीर लगेच मरत नाही, रक्त गोठण्याची क्रिया बंद पडून काही दिवसांनी मरतो. त्यामुळे आमिषाची धास्ती बसत नाही आणि अपघात झाल्यास डॉक्टरांकडे जीवनसत्त्व के-1 हा उतारा उपलब्ध असतो, ही त्याची जमेची बाजू आहे. पण त्या काही दिवसांत मंदावलेला, विष अंगात असलेला उंदीर घुबड, मांजर किंवा धामण सहज पकडते. पिंजरे आणि खणणे यांनी भागत असताना ते वापरण्याचे कारण उरले नव्हते.

भाजीच्या नुकसानीपेक्षा मला अधिक चिंता होती ती लेप्टोस्पायरोसिसची. उंदीर-घुशींच्या लघवीतून हे जंतू ओल्या मातीत व पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या कातडीतून माणसाच्या शरीरात शिरतात. कोकणात आणि मुंबईत दर पावसाळ्यात त्याचे रुग्ण आढळतात. काकू ठिबकच्या ओलीत अनवाणी काम करत. त्यांना गमबूट आणि हातमोजे घ्यायला लावले, जमिनीलगतची फळे व पालेभाजी वाहत्या पाण्यात धुण्याचे आणि दात लागलेले फळ ‘तेवढा भाग कापून’ न वापरता टाकून देण्याचे ठरले. ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे आणि डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास बागेत काम केल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे, कारण वेळीच प्रतिजैविके सुरू झाली तर हा आजार बरा होतो आणि उशीर झाला तर मूत्रपिंडे व यकृत धोक्यात येतात.

डिसेंबरच्या मध्यावर भोके पुन्हा लिंपून पाहिली, तेव्हा बांधावरची मोजकीच उघडली. जाळीतील रताळी जवळपास पूर्ण हाती आली. जाळीबाहेर ठेवलेल्या एका वरंब्यात थोडे नुकसान झाले, पण ते कुटुंबाने सहज सोसण्याजोगे होते. गडग्याचा प्रश्न अर्धवट सुटला आहे. तो उतरवून चुन्यात बांधण्याचा खर्च काकांना तूर्त शक्य नाही, म्हणून बागेकडील बाजूच्या पोकळ्या तेवढ्या चिरे आणि सिमेंटने बुजवल्या. नारळांपैकी तीन झाडे सुटी असल्याने त्यांच्या खोडांना जमिनीपासून सुमारे दोन मीटर उंचीवर चाळीस सेंटिमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला आणि त्यांच्याखाली पोखरलेली शहाळी पडणे थांबले. उरलेल्या दोन झाडांच्या झावळ्या एकमेकींत आणि शेजारच्या आंब्यात गुंतल्या आहेत, त्यामुळे खोडाला पत्रा लावला तरी उंदीर आंब्यावरून येतो. आंब्याच्या त्या फांद्या मोहोर येऊन गेल्यावर कापायच्या आहेत. पुढील वर्षी रताळ्याचे वेल जूनच्या अखेरीस लावून कापणीच्या आधीच कंद काढायचे आणि लोंब्या भरू लागताच, म्हणजे सप्टेंबरमध्ये, शेजाऱ्यांसह सगळा बांध एकदा लिंपून मोजायचा, असे दोन्ही घरांनी मिळून ठरवले आहे.